बोर्ड बनवायला टाकण्याआधी सेक्शनचं माप घ्या
(अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची इलेक्ट्रॉनिक खोकी स्वतः जोडणाऱ्या ग्राहकांसाठी)

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्याकडे येणारे बरेच जण तयार पीसीबी (सर्किटचा बोर्ड) हातात घेऊन येतात आणि "यात बसेल असं खोकं द्या" म्हणतात. क्रम इथेच चुकतो. बोर्ड हव्या त्या मापाचा बनतो, पण सेक्शनची, म्हणजे खोक्याच्या पोकळ अ‍ॅल्युमिनियम नळीची, डाय (साचा) ठरलेली असते. एक मिलिमीटर रुंद सेक्शन हवा असेल तर नवी डाय पाडावी लागते, वर किमान वजनाची ऑर्डर द्यावी लागते. दहा-वीस खोक्यांसाठी ते कुणालाच परवडत नाही. म्हणून आधी सेक्शन ठरवा, मग बोर्ड काढा.

सेक्शनची रुंदी तीन ठिकाणी मोजतात आणि घोळ तिथेच होतो. समजा सेक्शन बाहेरून ८८ मिमी आहे आणि भिंत दीड मिमीची आहे. मग बोर्ड ज्यात सरकवायचा त्या खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंत ८५ मिमी भरतात. खाच पाडणाऱ्या पट्ट्या दोन्हीकडून अडीच-अडीच मिमी आत आलेल्या असतात, त्यामुळे पट्टी ते पट्टी ८० उरतात. यात बोर्ड ८४.५ मिमीचा हवा. नेमका ८५ चा केला तर तो निम्म्यावर जाऊन अडकतो, कारण डायमधून दाबून काढलेल्या सेक्शनमध्ये एक-दोन दशांशाचा फरक असतोच. उलट ८२ चा केला तर तो एका बाजूला सरकतो आणि दुसऱ्या खाचेतून निसटतो. अर्धा मिमी सूट ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

बोर्ड १.६ मिमी जाडीचाच घ्या. पॅनेलमधून मोडून काढलेल्या बोर्डच्या काठाला खरखरीत दाते राहतात, ते कानशीने घासून घ्या. नाहीतर बरोबर मापाचा बोर्डही अडतो. "मग खाचच थोडी घासून द्या" असं आम्हाला सांगू नका. पट्टी जेमतेम एक मिमीची असते, घासली की वाकते आणि अ‍ॅनोडायझिंगही (वरचा संरक्षक थर) जातं. ते काम आम्ही करत नाही, आणि कापून दिलेला सेक्शन परतही घेत नाही. त्याऐवजी काउंटरवरून त्याच सेक्शनची १० मिमीची चकती मागून न्या. तिचे पैसे लागत नाहीत. बोर्डच्या मापाचा पुठ्ठा कापून तीत बसवून बघा, मगच बोर्डची फाइल बोर्ड बनवणाऱ्याकडे पाठवा.

लांबीचा हिशेब वेगळा. १२० मिमीच्या सेक्शनला बोर्ड ११९.५ ठेवा. तो जास्त भरला तर एंड प्लेट (टोकाचं झाकण) टेकत नाही आणि स्क्रू कितीही आवळले तरी फट राहते. यूएसबी किंवा डीसी जॅकचं तोंड मात्र प्लेटच्या जाडीइतकं, म्हणजे साधारण २ मिमी, बाहेर यायला हवं. ते ड्रॉइंगमध्येच धरा.

आता तांबं, म्हणजे बोर्डवरचे ट्रॅक. बोर्डच्या दोन्ही काठांवर निदान ४ मिमी जागा ट्रॅकशिवाय सोडा. खाचेत जाणारे अडीच मिमी धातूला घासतात. बोर्डवरच्या हिरव्या मास्कवर (लेपावर) किंवा अ‍ॅनोडायझिंगवर इन्सुलेशन म्हणून भरवसा ठेवू नका. बोर्ड दोनदा आत-बाहेर केला की दोन्ही खरवडतात. "काठाला ग्राऊंडच आहे, लागलं तरी काय होतंय" हे तर अजिबात नको. कपॅसिटर लावून २३० व्होल्ट उतरवलेल्या, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सर्किटचं ग्राऊंड थेट मेन्सला जोडलेलं असतं. असा बोर्ड पंपाच्या ऑटो-स्टार्टरमध्ये घालून उसात नेलात, तर खोक्याला हात लावणाऱ्याला करंट बसेल. मेन्सचे ट्रॅक पट्टीच्या टोकापासून आणखी ६ मिमी आत घ्या.

अर्थिंगला मात्र हेच अ‍ॅनोडायझिंग आड येतं. अ‍ॅनोडायझिंगचा थर १०-१५ मायक्रॉनचा असतो, पण मल्टिमीटरला तो बंद दरवाजाच. एका स्क्रूने बॉडी अर्थ केली म्हणजे दोन्ही एंड प्लेटही अर्थ झाल्या, असं होत नाही. एम४ स्क्रूखालची जागा घासून चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, टिनचा मुलामा असलेलं थिंबल (वायरच्या टोकाची कडी) लावा (उघडं तांबं अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, पावसाळ्यात पांढरी भुकटी धरते). मग प्रत्येक प्लेट वेगळी तपासा.

एंड प्लेटच्या एम३ स्क्रूला २.५ मिमीचं ड्रिल आणि किमान ६ मिमी खोल आटे लागतात. टॅप मारताना थोडं रॉकेल किंवा कटिंग ऑइल वापरा आणि दर अर्ध्या फेऱ्यानंतर मागे घ्या. सेक्शनचं अ‍ॅल्युमिनियम (६०६३) मऊ असतं, चुरा अडकला की आटा सोलून निघतो. खोकं वारंवार उघडणार असाल तर एम४ घ्या.

वायफायचं मॉड्यूल आत ठेवून "रेंज येत नाही" म्हणणारेही पुष्कळ भेटतात. धातूच्या पेटीतून सिग्नल जाणार कुठून? एक एंड प्लेट अ‍ॅक्रिलिकची करा किंवा अँटेना बाहेर काढा.

ही खोकी पाणीबंद नाहीत. खानापूरकडच्या पावसात उघड्यावर लावायची असतील तर वर छप्पर हवं, आणि वायर खालून घ्या.

सेक्शनच्या बारा फुटी बारमधून १२० मिमीचे ३० नग निघतील असा हिशेब करून लोक येतात, निघतात २९. दोन्ही टोकं साफ करायला १५-१५ मिमी जातात आणि दर कापाला आरीचं पातं ३ मिमी खातं. कापणावळ प्रति काप आहे ती यासाठीच. काटकोन धरून कापतो, काठ साफ करून देतो. घरी हॅकसॉने कापलेल्या टोकाला प्लेट टेकत नाही, हे बहुतेकांना एकदा कापून बघितल्यावरच पटतं.

ऑर्डर देताना सेक्शनचा नंबर, लांबी, नग, काळा की नॅचरल अ‍ॅनोडायझिंग, आणि भोकं असतील तर ड्रॉइंग एवढं द्या. भोकं अ‍ॅनोडायझिंगच्या आधी पाडायची असतील तर तेव्हाच सांगा, कारण नंतर पाडलेल्या भोकाचा काठ पांढराच राहतो. उष्णता देणारा ट्रान्झिस्टर भिंतीला लावणार असाल तर काळा किंवा नॅचरल, कुठलाही अ‍ॅनोडाइज्ड सेक्शन चालतो. अ‍ॅनोडाइज्ड पृष्ठभाग कोऱ्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर टाकतो. ट्रान्झिस्टर आणि भिंतीच्या मध्ये घालायचे मायका किंवा सिलिकॉन पॅड काउंटरवरच मिळतात.