दा बा डी : एका निळ्या गाण्याची पार्श्वभूमी

26 ऑगस्ट 2022 रोजी फ्रेंच डीजे डेव्हिड गेटा आणि अमेरिकन गायिका बीबी रेक्सा यांचे ‘आय’म गुड (ब्लू)’ हे गाणे प्रकाशित झाले, तेव्हा अनेक घरांत एकच प्रसंग घडला असावा. मुलांनी मोबाइलवर लावलेले नवे गाणे ऐकून आईवडील म्हणाले असतील, की हे तर आमच्या वेळचे आहे. दोघांचेही बरोबर होते. शब्द नवे होते आणि आवाजही नवा होता, पण धून इटलीतील तुरिन शहरातल्या ‘आयफेल 65’ या त्रिकुटाच्या ‘ब्लू (दा बा डी)’ या गाण्याची होती, आणि ते गाणे ऑक्टोबर 1998 मध्ये इटलीत प्रथम प्रकाशित झालेले होते. नव्या गाण्याने ब्रिटनमध्ये पहिला आणि अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट 100’ यादीत चौथा क्रमांक गाठला. मूळ गाणे अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले होते. म्हणजे तिथे नातू आजोबांच्या दोन पायऱ्या वर चढला.

युरोडान्स या युरोपीय नृत्यसंगीताच्या प्रकारातली बहुतेक गाणी एका उन्हाळ्यापुरती असतात, आणि ती करणाऱ्यांची अपेक्षाही बहुधा तेवढीच असते. त्यांतले एखादे पाव शतक टिकते, तेव्हा त्यामागची कारणे गाण्याबरोबरच ते ज्या परंपरेतून आले त्या परंपरेतही शोधावी लागतात.

इटलीत नृत्यसंगीताची परंपरा जुनी आहे. इटलीच्या उत्तरेकडील दक्षिण टिरोलमध्ये जन्मलेले संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांनी 1977 मध्ये जर्मनीतील म्युनिकमध्ये बसून, जवळजवळ सगळी वाद्यसाथ सिंथेसायझरवर उभी करून, ‘आय फील लव्ह’ हे गाणे अमेरिकन गायिका डॉना समरकडून गाऊन घेतले आणि यंत्राच्या ठेक्यावर माणसे तासन्‌तास नाचू शकतात हे दाखवून दिले. पुढच्या दशकात ‘इटालो डिस्को’ नावाने ओळखला जाणारा स्वस्त, चकचकीत आणि बऱ्याचदा मोडक्यातोडक्या इंग्रजीतला प्रकार इटलीतल्या लहान लहान स्टुडिओंतून बाहेर पडत राहिला. 1989 मध्ये ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन निर्मात्यांच्या गटाचे ‘राइड ऑन टाइम’ ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. 1990 नंतर फ्रँकफर्टच्या ‘स्नॅप!’ने आणि बेल्जियम-नेदरलँड्सच्या ‘2 अनलिमिटेड’ने याच घटकांना एक ठरावीक साचा दिला. पुरुषाने रॅप करायचे, बाईने ध्रुवपद गायचे, सिंथेसायझरची एक सहज लक्षात राहणारी धून वाजत ठेवायची आणि प्रत्येक मात्रेवर ढोलाचा एक ठोका टाकायचा. याला पुढे युरोडान्स असे नाव पडले.

या साच्यातली एक गोष्ट ‘ब्लू’च्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ही गाणी इंग्रजीत असत, पण ती लिहिणारे इटालियन, जर्मन, डच किंवा फ्लेमिश भाषक असत आणि ऐकणारे पोर्तुगालपासून पोलंडपर्यंतचे कोणीही असत. त्या इंग्रजीवर मातृभाषा म्हणून हक्क सांगणारे त्या साखळीत फार थोडे होते. त्यामुळे तिथे शब्दाचे काम अर्थ पोहोचवणे एवढेच राहिले नाही. तोंडात सहज बसणे, ठेक्यावर पडणे आणि ‘रिदम’, ‘नाइट’, ‘लव्ह’ अशा सर्वांना ठाऊक असलेल्या खुंटीवर गाणे टांगणे हेच त्याचे मुख्य काम झाले. समीक्षकांनी या गाण्यांच्या शब्दांची यथेच्छ टिंगल केली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. पण शब्द कोणासाठी लिहिले जात होते, हा प्रश्न त्या टिंगलीत सहसा विचारला गेला नाही.

आयफेल 65 हा गट याच कारखान्यातला. तुरिनमध्ये मासिमो गाबुत्ती यांच्या ‘ब्लिस कॉर्पोरेशन’ या कंपनीभोवती अनेक तरुण संगीतकार काम करत असत. त्यांपैकी गायक जेफ्री जे (खरे नाव जानफ्रांको रांदोने), की-बोर्ड वाजवणारा मौरीत्सिओ लोबिना आणि डीजे गाब्री पोंते हे तिघे या नावाखाली एकत्र आले. नावामागची कथा गटाच्या सदस्यांनीच सांगितलेली आहे. संगणकाला काही शब्द देऊन त्यातून यदृच्छेने ‘आयफेल’ निवडले गेले आणि कागदावर कोणीतरी खरडलेल्या दूरध्वनी क्रमांकातले ‘65’ हे आकडे चुकून नावाचाच भाग समजले गेले. ज्यांचे नावच असे योगायोगाने जमले, त्यांच्या हातून अर्थापेक्षा नादावर उभे राहिलेले गाणे निघावे, हे तसे साजेसेच म्हणायचे.

गाण्याचा जन्म शब्दांतून झालेला नाही. तो लोबिनाने पियानोवर बसवलेल्या धुनेतून झाला. ही धून मंद्र, काहीशी उदास वळणाची आहे, आणि तिचे चलन पाश्चात्त्य संगीतात ज्याला मायनर म्हणतात त्या स्वरसप्तकातले आहे. तिच्यासाठी जेफ्री जेने शब्द लिहिले. निळ्या जगात राहणारा एक लहानसा माणूस आहे. त्याचे घर निळे, गाडी निळी, खिडकी निळी, आणि त्याच्याभोवतीचे सगळेच निळे. त्याचे ऐकायला कोणी नाही, एवढी एकच माहिती गाण्यात त्याच्या मनाविषयी मिळते. इंग्रजीत ‘ब्लू’ म्हणजे उदासही, त्यामुळे हे गाणे एकाकीपणाचे आहे असा अर्थ लावता येतो आणि पुष्कळांनी तो लावला; मात्र माणूस आपल्या जगण्याला एक रंग देतो एवढीच मूळ कल्पना होती आणि निळा रंग असाच निवडला, असे जेफ्री जे सांगत आला आहे. मराठी कानाला हा श्लेष भाषांतराशिवाय कळत नाही. आपल्याकडे माणूस निळा पडतो तो विष भिनल्याने किंवा गारठल्याने, आणि काळानिळा होतो तो मार खाल्ल्याने. दुःखाने त्याचा चेहरा काळवंडतो किंवा उतरतो. इटालियनांसाठीही ती उदासी परकीच होती, कारण त्यांच्या भाषेतही दुःखाला निळा रंग नाही.

यानंतर ध्रुवपद येते, आणि तिथे गाणे अर्थाचा नाद पूर्णपणे सोडून देते. ‘दा बा डी दा बा डाय’ ही अक्षरे कोणत्याच भाषेतली नाहीत. ज्यांनी तराणा ऐकला आहे त्यांना निरर्थक अक्षरांवर गाणे उभे राहू शकते हे वेगळे सांगण्याची गरज नाही; तिथेही ‘तोम’, ‘देरेना’, ‘तदानी’ ही अक्षरे अर्थाला नव्हे तर लयीला बांधील असतात. तुलना येथेच थांबवावी, कारण तराण्यामागे गवयाची तयारी असते आणि इथे चार अक्षरांचे आवर्तन आहे. परंतु अक्षरांतून भाषा काढून घेतली की उच्चाराचा अधिकार सगळ्यांना सारखा मिळतो, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. लिस्बनच्या श्रोत्याचे ‘दा बा डी’ लंडनच्या श्रोत्याइतकेच शुद्ध असते. शब्दांचे ओझे हळूहळू कमी करत आलेल्या युरोडान्सने इथे ते खालीच ठेवले.

माणसाच्या कानाला मात्र निरर्थक अक्षरे सहन होत नाहीत. तो त्यांत शब्द शोधतोच. इंग्रजी श्रोत्यांना त्या ओळीत ‘मी हिरवा असतो तर मेलो असतो’ अशा आशयाचे वाक्य ऐकू येऊ लागले आणि पुढे ते इतके पसरले की चुकीच्या ऐकण्याची उदाहरणे देताना हे गाणे हमखास सांगितले जाते. एकदा ते वाक्य कोणी सांगितले की नंतर दुसरे काही ऐकू येत नाही, याचा अनुभव प्रस्तुत लेखकानेही घेतला आहे. गाण्याचे आयुष्य वाढवण्यात या गैरसमजाचा वाटा लहान नसावा. ज्या गाण्याचे शब्द वादातीत आहेत त्याविषयी मित्रांमध्ये भांडण होत नाही.

दुसरी खूण आवाजाची. जेफ्री जेचा आवाज इलेक्ट्रॉनिक प्रक्रियेतून असा काढला आहे की स्वर एकमेकांत घरंगळत जाण्याऐवजी पायऱ्यांवरून उडी मारल्यासारखे बदलतात. ‘ब्लू’ आले त्याच महिन्यात लंडनमध्ये तयार झालेले अमेरिकन गायिका शेर हिचे ‘बिलीव्ह’ही प्रकाशित झाले आणि ऑटो-ट्यूनचा, म्हणजे गायकाचा सूर यंत्राने दुरुस्त करणाऱ्या तंत्राचा, उघडउघड वापर जगाला तिथे ऐकू आला. एकाच वेळी दोन ठिकाणी माणसाच्या आवाजाला यंत्राचा मुलामा चढत होता. पुढच्या वीस वर्षांत ही प्रक्रिया लोकप्रिय संगीतात इतकी रुळली, की 1998 मध्ये गंमत म्हणून ऐकला गेलेला तो आवाज आजच्या मुलाला जुनाट वाटत नाही.

आपण ज्याला मूळ ‘ब्लू’ समजतो ती आवृत्तीही एका अर्थी रिमिक्सच आहे. रेडिओवर आणि क्लबांत गाजले ते गाब्री पोंतेने केलेले ‘आइस पॉप’ रूप. गाण्याच्या रचनाकारांत मात्र रांदोने, लोबिना आणि गाबुत्ती यांची नावे आहेत, पोंतेचे नाही. मिनिटाला सुमारे 128 ठोके ही त्याची गती. सुरुवातीला कोणी गोष्ट सांगायला बसावे तसे बोलके निवेदन येते, मग पियानो, आणि नाचणाऱ्याला थोडे ताटकळत ठेवून मगच ठोका पूर्ण ताकदीने उतरतो.

यश सावकाश आले आणि मग आवरेनासे झाले. 1999 च्या उन्हाळ्यात सुट्टीसाठी दक्षिण युरोपात गेलेले ब्रिटिश पर्यटक तिथल्या क्लबांतून हे गाणे कानात घेऊन परतले, आणि ब्रिटनमध्ये ते अधिकृतपणे प्रकाशित होण्यापूर्वीच परदेशातून मागवलेल्या तबकड्यांच्या विक्रीवर पहिल्या चाळिसांत पोहोचले. सप्टेंबरमध्ये ते तिथे प्रकाशित झाले तेव्हा तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये त्याहून अधिक खपलेले एकच सिंगल (अल्बमबाहेर सुटे विकले जाणारे गाणे) होते, ब्रिटनी स्पिअर्सचे ‘बेबी वन मोअर टाइम’. युरोपातल्या बहुतेक मोठ्या देशांत ते पहिल्या क्रमांकावर गेले. 2000 साल उजाडताना अमेरिकाही सर झाली, आणि ‘युरोपॉप’ हा त्यांचा अल्बम तिथे चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. युरोडान्सला अमेरिकेत असे यश क्वचितच मिळाले होते. संगणकावर तयार केलेल्या चित्रफितीतले निळे परग्रहवासीही त्याच सुमारास घरोघरी पोहोचले. 2001 च्या ग्रॅमी पुरस्कारांत नृत्यसंगीताच्या गटात गाण्याला नामांकन मिळाले. पुरस्कार ‘बाहा मेन’च्या ‘हू लेट द डॉग्ज आउट’ला गेला. यावर काही टिप्पणी करण्याचा मोह आवरलेला बरा.

गटाचे पुढे काय झाले, हे थोडक्यात सांगता येते. ‘मूव्ह युअर बॉडी’ हे दुसरे गाणे ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले, पण आज ते आठवणारे थोडे. 2003 मध्ये ते सानरेमोच्या गीतमहोत्सवात इटालियन गाणे घेऊन उतरले, 2005 मध्ये पोंतेने स्वतंत्र वाट धरली, आणि उरलेल्या दोघांनी काही काळ वेगळ्या नावाने काम केले. म्हणजे हे गाणे टिकले ते गटाच्या लोकप्रियतेच्या आधाराने नव्हे. ते गटापासून सुटून स्वतंत्रपणे फिरत राहिले.

फिरताना दर वेळी त्याच्या पोकळीत कोणीतरी नवे काही भरले. 2009 मध्ये फ्लोरिडातील रॅपर फ्लो रायडा याने ‘शुगर’ या गाण्यात ध्रुवपदाची चाल घेऊन तिच्यावर प्रेमाचे शब्द बसवले आणि अमेरिकेत पाचवा क्रमांक मिळवला. 2013 मध्ये ‘आयर्न मॅन 3’ या चित्रपटाची सुरुवातच या गाण्याने होते. प्रसंग आहे 1999 च्या शेवटच्या रात्रीचा, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातला, आणि साल सांगणारी पाटी येण्याआधीच गाण्याने ते सांगून टाकलेले असते. तोवर ‘ब्लू’ हे विसाव्या शतकाच्या अखेरीचे कालचिन्ह बनले होते. निरर्थक अक्षरांना एका विशिष्ट काळाचा अर्थ चिकटला, तो असा.

गेटाने बीबी रेक्साबरोबरची आवृत्ती काही वर्षे आधीच बनवून ठेवली होती आणि 2017 मध्ये ती एका कार्यक्रमात वाजवलीही होती, पण ती प्रकाशित न करता बाजूला ठेवून दिली. त्या वेळच्या वादनाचा तुकडा 2022 मध्ये टिकटॉकवर फिरू लागला, लोकांनी पूर्ण गाण्याची मागणी सुरू केली, आणि मग ते घाईने बाहेर आणावे लागले. या घटनेमागे एक व्यावहारिक कारणही आहे. ऑनलाइन संगीतसेवांवर नवे गाणे आवडले नाही तर श्रोता काही सेकंदांत पुढे सरकतो. ओळखीची धून त्याला थांबवते. म्हणून जुन्या गाण्यांच्या चाली रीतसर हक्क घेऊन नव्याने वापरण्याची प्रथा या काळात वाढली. तरीही ओळखीच्या चाली अनेक असताना हीच एवढी उपयोगी का पडावी, याचे उत्तर पुन्हा तिच्या मोकळ्या जागेत सापडते. ज्या गाण्याचा गाभा एखाद्या चांगल्या ओळीत असतो, त्याची चाल उचलली की ती ओळ मागे आठवणीत टोचत राहते. ‘दा बा डी’च्या जागी काहीही बसवले तरी कोणाचे काही हरवत नाही. गेटा आणि रेक्सा यांनी तर उदास धुनेवर ‘मी मजेत आहे’ असे नेमके उलट म्हणणारे शब्द बसवले, आणि तेही बेमालूम बसले.

हे गाणेही ग्रॅमीच्या नृत्यसंगीत गटात नामांकित झाले आणि मूळ गाण्याप्रमाणेच रिकाम्या हाताने परतले. 2023 चा तो पुरस्कार बियॉन्सेला मिळाला. मे 2025 मध्ये गाब्री पोंते बासेलच्या युरोव्हिजन या देशोदेशींच्या गीतस्पर्धेत सान मारिनोच्या वतीने अंतिम फेरीत उतरला आणि शेवटच्या क्रमांकावर राहिला.

1998 च्या गाण्याच्या नावात ‘ब्लू’ बाहेर आहे आणि ‘दा बा डी’ कंसात, बहुधा दुकानात विचारणारा माणूस ती अक्षरेच म्हणून दाखवण्याची शक्यता अधिक होती म्हणून. 2022 च्या गाण्याच्या नावात ‘आय’म गुड’ बाहेर आहे आणि कंसात ‘ब्लू’.