मिठातलं आयोडीन बटाट्याला निळं का करत नाही?

कापलेल्या बटाट्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला की लगेच निळा-काळा डाग पडतो, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच बटाट्याला आयोडीनयुक्त मीठ चोळून बघा. काही होत नाही. मिठाच्या पुड्यावर लिहिलेलं खोटं नसतं. आयोडीन त्यात असतं, पण वेगळ्या रूपात.

आयोडीनच्या बाबतीत सगळा खेळ इलेक्ट्रॉनचा. मूलद्रव्य म्हणून ते अणूंच्या जोडीने राहतं: काळसर चकचकीत स्फटिक, तापवले की जांभळी वाफ. एकट्या अणूने एक इलेक्ट्रॉन जादा घेतला की झालं आयोडाइड, आणि त्याला रंग नाही. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा सोऱ्याच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूतल्या क्षाराच्या, धंद्यासाठी समुद्री शैवालाची राख वापरत होता. राखेच्या अर्कात सल्फ्युरिक आम्ल जरा जास्त पडलं आणि जांभळे ढग उठले. शैवालातल्या आयोडाइडचा इलेक्ट्रॉन आम्लाने काढून घेतला होता. क्लोरीनही तो सहज ओढून घेतं. हॅलोजनांच्या, म्हणजे क्लोरीन-आयोडीनच्या, कुटुंबात आयोडीनची पकड तशी ढिलीच.

उलटा व्यवहारही होतो. क जीवनसत्त्व आयोडीनला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि रंग जातो. जखमेवर लावायच्या तपकिरी औषधाचा ताजा डाग कपड्यावर पडला, तर क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून त्यावर ओता. डाग डोळ्यांदेखत फिका पडतो.

बटाट्यातला निळा रंग मात्र अशा देवघेवीतून येत नाही. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. आयोडीन आणि आयोडाइड मिळून तिच्या पोकळीत ओळीने बसतात आणि ती ओळ प्रकाश वेगळ्या तऱ्हेने शोषते. द्रावण गरम केलं की वेटोळी सैल होऊन रंग उडतो, गार झालं की परत येतो. करून बघण्यासारखं आहे.

आता मीठ. आपल्याकडे त्यात पोटॅशियम आयोडेट घालतात, म्हणजे आयोडीनच्या एका अणूला ऑक्सिजनचे तीन अणू जोडलेले. आयोडाइड घातलं तर दमट, उष्ण हवेत त्याचं हळूहळू आयोडीन होऊन उडून जातं. आयोडेट टिकतं, पण स्टार्चच्या वेटोळ्यात शिरत नाही. बटाटा, मीठ आणि वर लिंबू पिळायची एक चाचणी बरीच सांगितली जाते. मला तिचा भरवसा वाटत नाही, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व तयार झालेला रंग खाऊनही टाकू शकतं. शिवाय प्रमाण तरी किती? ग्राहकापर्यंत पोहोचताना किलोभर मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन पुरेसं मानतात.

आशा कार्यकर्त्यांकडच्या मीठ तपासणी संचातल्या द्रावणात म्हणूनच स्टार्चबरोबर आम्ल आणि आयोडाइडही असतं. आम्लात एक आयोडेट पाच आयोडाइडशी भिडतं आणि आयोडीनचे तीन रेणू, म्हणजे सहा अणू सुटतात. त्यातला मिठाचा अणू एकच. बाकीचे पाच संचातले. एवढंसं आयोडीन डोळ्यांना दिसतं ते यामुळे. प्रयोगशाळेत नेमकं प्रमाण काढायचं असेल, तर हे सुटलेलं आयोडीन निळा रंग जाईपर्यंत सोडियम थायोसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजतात आणि आलेल्या आकड्याला सहाने भागतात.