कार्ब रबर फाटलंय की क्रँक सील गेलंय? जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांसाठी

स्टँडवर उभी असलेली यामाहा आरएक्स १०० कुणी हात न लावता रेस घ्यायला लागली, किंवा थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली यायला वेळ लागू लागला, की पहिला स्क्रूड्रायव्हर लागतो तो कार्बोरेटरला. स्लोचा स्क्रू मागे घेतला जातो, एअर स्क्रू फिरवला जातो, फारच झालं तर मोठा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं) बसवला जातो. चार दिवस गाडी बरी चालते. मला खरी काळजी वाटते ती याच चार दिवसांची. कारण अशा गाडीत बहुतेक वेळा कार्बोरेटरचा काही दोष नसतो. इंजिन कुठून तरी नको ती हवा ओढत असतं, मिक्स्चर लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं, झालेलं असतं आणि पिस्टन गरजेपेक्षा जास्त तापत असतो. स्क्रू फिरवून लक्षण झाकलं, तरी हवा आत येतच राहते.

ही हवा येण्याच्या मुख्य वाटा दोन, आणि दोन्ही ठिकाणी रबरच म्हातारं झालेलं असतं. एक म्हणजे कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी जॉइंट, म्हणजे आपलं कार्ब रबर. दुसरी म्हणजे क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य शाफ्टच्या, टोकावरचं ऑइल सील, विशेषतः मॅग्नेटोच्या (गाडीची वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं. लक्षणं इतकी सारखी की चांगले मिस्त्रीसुद्धा एकाऐवजी दुसरं बदलून मोकळे होतात.

मुळात सील गेल्यावर हवा आत का यावी? फोर-स्ट्रोक चालवणाऱ्याला हे पटत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे. त्याच्या गाडीत क्रँकचं सील गेलं तर ऑइल बाहेर गळतं, फरशीवर डाग पडतो, पण इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही. टू-स्ट्रोकचं क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो ती पिस्टनखालची बंद पेटी, मात्र हातपंपासारखं काम करतं. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून मिक्स्चर ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिक्स्चर दाबून वर सिलिंडरमध्ये पाठवलं जातं. म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलं इथे ऑइल अडवायला तर आहेतच, पण मुख्यतः हवा अडवायला आहेत. वायसर फाटला की हातपंप फुसफुसतो, तसंच.

आता दोघांतला फरक. आधी चोक ओढून बघा. चोक ओढल्यावर चढलेली रेस जागेवर आली, तर हवाच येते आहे. थ्रॉटल केबल अडकली असती तर चोकने ती सुटली नसती. मग इंजिन स्लोवर ठेवून कार्बोरेटर हाताने हलकेच वर-खाली दाबा. त्याबरोबर रेस बदलली, तर संशय कार्ब रबरवर. सील बिघडलं असेल तर कार्बोरेटर कितीही हलवा, फरक पडत नाही. याच जागी कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारूनही बघतात. फवारा तड्यावर बसला की रेस क्षणभर बदलते. हा फवारा पेट घेतो, म्हणून इंजिन गरम असताना किंवा प्लगची वायर उघडी असताना हा प्रयोग करू नका.

कार्ब रबर काढून हातात घेतलं तर बरंच काही सांगतं. बाहेरून ते काळं, नीट दिसतं. अंगठ्याने वाकवलं की रबर आणि अॅल्युमिनियमची पट्टी जिथे चिकटवलेली असते, त्या कोपऱ्यात बारीक तडे उघडतात. ताणलेल्या रबरावर ओझोन आणि उष्णता वर्षानुवर्षं काम करतात, म्हणून तडे नेमके वळणावर पडतात. नख दाबून बघा: चांगल्या रबरावर खूण उमटते आणि जाते, वाळलेल्यावर उमटतच नाही. पट्टी वाकडी झाली असेल तर नवं रबरही गळेल. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सपाट करून घ्यावी. बाहेरून सिलिकॉन फासणं मला अजिबात मान्य नाही. पेट्रोल लागून ते सुटतं, आणि आतल्या बाजूचा तुकडा सुटला तर थेट इंजिनात जातो.

सीलचं दुखणं झाकलेलं असतं. मॅग्नेटोचं कव्हर आणि फ्लायव्हील काढल्यावर (पुलर लावूनच, हातोडी मारून नव्हे) स्टेटर प्लेटच्या मागे काळपट, ओलसर थर दिसला, तर समजा सील हवा आत घेतंय आणि मिक्स्चर बाहेरही फेकतंय. ही जागा कोरडी असायला हवी. सीलची ओठासारखी कड मऊ हवी आणि मागची बारीक स्प्रिंग तिला शाफ्टवर दाबून धरायला हवी. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ही कड कडक होऊन एकाच जागी बसते, शाफ्टला तिच्याखाली गंज धरतो, आणि पहिल्याच किकला तो गंज कड खरवडतो.

क्लचच्या बाजूचं सील गेलं तर चित्र उलटं. तिथून हवेऐवजी गिअर ऑइल ओढलं जातं. पांढरट-निळा दाट धूर, जळक्या तेलाचा वास, खाली जाणारी गिअर ऑइलची पातळी आणि ओला काळा प्लग. म्हणून मी आधी प्लग बघतो. पांढरा पडलेला प्लग असेल तर कार्ब रबर किंवा मॅग्नेटोचं सील, काळा आणि ओला असेल तर क्लचकडचं सील. राजदूत ३५० दोन सिलिंडरची असल्यामुळे तिथे ज्या बाजूचं सील गेलं त्याच बाजूचा प्लग बोलतो.

एक गोंधळ हल्ली वाढलाय. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुनी गाडी थोडी लीन चालतेच, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि जेट मात्र निव्वळ पेट्रोलसाठी बसवलेला असतो. पण तो फरक रोज सारखा राहतो. रेस स्वतःच वर-खाली फिरत असेल, तर दोष पेट्रोलवर ढकलू नका. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, आणि टाकी रिकामी ठेवून ते सुकलं की आकसून तडकतं, हे मात्र खरं.

खात्री हवी असेल तर इंजिनात दाबाने हवा भरून बघावी. एक्झॉस्ट बंद करून, कार्ब रबरच्या तोंडातून साधारण ६ पीएसआय हवा भरा. काटा काही मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. पडला तर जॉइंट, मॅग्नेटोची बाजू, सिलिंडरचा तळ, सगळीकडे साबणाचं पाणी लावा. गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरून बघा. तो फुगला तर क्लचकडचं सील गेलेलं आहे. बरेच जण हवा एक्झॉस्टकडून भरतात. रीड व्हॉल्व्ह (मिक्स्चर फक्त आत जाऊ देणारी पातळ पट्ट्यांची झडप) असलेल्या इंजिनात तसं केलं की रीड बंद होऊन कार्ब रबरपर्यंत दाब नीट पोचत नाही, आणि फाटलेलं रबर पास होऊन जातं.

सील बदलताना क्रँक वर-खाली हलवून बेअरिंग तपासा. त्यात खेळ असेल तर नवं सील टिकणार नाही. काही इंजिनांत सीलच्या बाहेरच्या कडेला उंचवटा असतो आणि तो केसच्या खाचेत बसतो. तिथे केस उघडल्याशिवाय इलाज नाही, बाहेरून ओढू नका. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते, त्यामुळे कंपनीचं मिळालं नाही तरी बेअरिंगच्या दुकानात मापावर मिळतं. विकत घेताना चांगल्या जातीचं, उष्णता आणि पेट्रोल सोसणारं व्हायटॉनचं मागा. स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे आणि कडेला थोडं ग्रीस.

आरएक्स १०० आणि जुनी टू-स्ट्रोक येझदी दोन्ही १९९६ साली बंद झाल्या. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुठेही ‘तेव्हाचं ओरिजिनल, पॅकबंद’ कार्ब रबर दाखवलं, तर पाकिटातल्या पाकिटातही ते तितकंच जुनं झालेलं आहे. गिअर, शाफ्ट, कव्हर असेल तर असा माल जरूर घ्या. रबर मात्र नख लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.