स्लाइम मोल्डचे मॅक्रो छायाचित्रण : येऊरमधील एका छंदाची पार्श्वभूमी

पावसाळ्यात ठाण्याच्या येऊरमध्ये किंवा खारघरच्या डोंगरउतारावर कुजत पडलेल्या एखाद्या ओंडक्यापाशी मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपणारे भिंग घेऊन ओणवे झालेले छायाचित्रकार दिसतात. त्यांचा शोध असतो तो स्लाइम मोल्डचा, म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर उंचीच्या, बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण अमीबांच्या गोतावळ्यातील जीवांचा. हा छंद डिजिटल युगातला वाटत असला, तरी त्याची मुळे हाताने काढलेल्या चित्रांत आहेत.

१६५४ मध्ये थॉमस पँकोव्ह या जर्मन वैद्याने आपल्या वनस्पतिग्रंथात लायकोगाला या स्लाइम मोल्डचे चित्र छापले आणि त्याला झपाट्याने वाढणारी बुरशी म्हटले. ही समजूत दोनशे वर्षे टिकली. १८५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ अँटॉन डी बारी यांनी या जीवांचे बीजाणू रुजताना पाहिले, तेव्हा त्यांतून बुरशीचे तंतू न फुटता सरपटणाऱ्या पेशी बाहेर पडल्या. पुढे अशा पेशींपासून प्लाझ्मोडियम बनते. पेशीभित्तिका नसलेला हा जिवंत पसारा जिवाणू गिळत फिरतो आणि योग्य वेळ येताच काही तासांत त्याचे देठावरच्या बीजाणुधान्यांत, म्हणजे बीजाणूंच्या इवल्या पिशव्यांत रूपांतर होते. छायाचित्रकारांना मोह पडतो तो बहुधा याच शेवटच्या अवस्थेचा.

या अवस्थेचे सर्वांत सुंदर चित्रण, माझ्या मते, लिस्टर पितापुत्रीने केले. शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांचे बंधू आर्थर लिस्टर यांचा या जीवांवरील मोठा ग्रंथ १८९४ मध्ये निघाला आणि त्यांच्या निधनानंतर कन्या गुलिएल्मा यांनी १९११ व १९२५ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या सिद्ध केल्या. सूक्ष्मदर्शकातून पाहताना एका वेळी वस्तूचा एकच पातळ थर स्पष्ट दिसतो; चित्रकार मात्र फोकस वरखाली करत प्रत्येक थर डोळ्यांत साठवतो आणि कागदावर संपूर्ण आकृती रेखीव उतरवतो. कॅमेऱ्याला नेमके हेच जमत नव्हते. ब्रिटिश चित्रपटकार पर्सी स्मिथ यांनी १९३१ मध्ये टाइम-लॅप्सच्या, म्हणजे ठरावीक अंतराने टिपलेल्या फ्रेम वेगाने दाखवण्याच्या तंत्राच्या साहाय्याने प्लाझ्मोडियमची संथ हालचाल पडद्यावर आणली खरी, पण स्थिरचित्रातली अडचण कायम राहिली. पाचपट वर्धनावर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी, मिलिमीटरच्या एका लहानशा अंशापुरती उरते आणि ती वाढवण्यासाठी ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, फार लहान केले, तर विवर्तनामुळे, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्याने, सगळेच चित्र धूसर होते.

ही कोंडी फोडली ती फोकस स्टॅकिंगने. फोकस किंचित सरकवत एकाच दृश्याच्या अनेक फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येकीतील स्पष्ट भाग संगणकावर जोडायचा, म्हणजे गुलिएल्मा यांचा डोळा आणि हात जे करत होते तेच सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचे. २०१५ च्या सुमारास ही सोय काही कॅमेऱ्यांतच आली आणि रानात हे तंत्र वापरणे सोपे झाले.

येऊरमध्ये तरीही या तंत्राची परीक्षा होते. सर्व फ्रेम होईपर्यंत वस्तू निश्चल हवी. पण स्टेमोनायटिस या स्लाइम मोल्डचे देठ केसासारखे असतात आणि पावसाळी वाऱ्याची झुळूकही त्यांना हलवते. शिवाय ओंडक्यावर आदल्या संध्याकाळी दिसलेला पांढरा, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पुंजका सकाळपर्यंत तपकिरी तुऱ्यांत बदललेला असतो, त्यामुळे मधल्या अवस्था हव्या असतील तर रात्री तिथेच थांबावे लागते; येऊर ज्यात येते त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ते सहज शक्य नाही.

ओळख पटवण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. थिंड यांचा स्लाइम मोल्डच्या भारतीय प्रजातींवरील ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र अशा ग्रंथांतील वर्णने बीजाणूंचे पृष्ठभाग, बीजाणुधानीच्या आतील तंतूंचे जाळे आणि चुन्याचे कण यांवर बेतलेली असतात, तर छायाचित्रात बहुतेक वेळा केवळ बाह्यरूप येते. उद्यानातून परवानगीशिवाय नमुना उचलता येत नसल्याने सूक्ष्मदर्शकाचा मार्गही बंद होतो. म्हणूनच येथे छायाचित्र घेताना फुटलेल्या बीजाणुधानीची एक जवळची फ्रेम, देठाच्या तळाची एक, सोबत मोजपट्टी आणि ओंडका कोणत्या झाडाचा आहे याची नोंद, एवढे तरी प्रत्येकाने आवर्जून घ्यावे.