पंप लादी ओढत नाही

"पंप मोठा बसवा, लादी आणखी घट्ट धरेल." लादी धरून ठेवणाऱ्या रबरी व्हॅक्यूम कपांबद्दल सोलापुरात अक्कलकोट रोडच्या ग्रॅनाइट शेडमध्ये हे वाक्य इतकी वर्षं ऐकतोय की आता कुणी त्यावर शंकाही घेत नाही. पण ते चूक आहे.

व्हॅक्यूम पंप काहीच ओढत नाही. तो रबरी कपाखालची हवा काढतो. लादी आणि कप एकमेकांवर दाबते ती बाहेरची हवा. तिचा जोर समुद्रसपाटीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण १ किलो. सोलापूर साडेचारशे मीटर उंचावर, म्हणून इथे पाचेक टक्के कमीच. १० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी कपाला फार तर ९५ किलोंचा दाब मिळतो, मग पंप दहा एचपीचा का असेना. मोठा पंप हवा लवकर काढतो, गळतीला पुरून उरतो, एवढंच. पकड वाढवायची तर कप मोठा घ्या. त्याआधी कपाच्या कडेला अडकलेली दगडाची रबडी पुसा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

क्वार्ट्झच्या कृत्रिम लादीबद्दलही तोच गैरसमज: व्हॅक्यूममुळे कण चिकटतात म्हणे. कण चिकटतात रेझिन या चिकट द्रव्यामुळे, घट्ट बसतात प्रेसच्या दाबाने आणि कंपनाने. व्हॅक्यूम फक्त मिश्रणात अडकलेली हवा काढतो. ती राहिली तर पॉलिशनंतर सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात, आणि ओट्यावर सांडलेलं शेंगाचटणीचं तेल नेमकं तिथेच मुरतं.