ग्रुप वेगळा, झीरो वेगळा: नवी ९.३×६२ हातात आल्यावर

मराठीत आपल्याकडे "नेम" हा एकच शब्द आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. "रायफलीचा नेम मस्त आहे" असं कुणी म्हणालं तर नक्की काय मस्त आहे? गोळ्या एकमेकींच्या जवळजवळ पडतात हे, की आपण जिथे धरलं तिथे पडतात हे? या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला ग्रुप म्हणतात, दुसरीला झीरो, आणि नवी रायफल घेतलेली माणसं (९.३×६२ या जाड गोळीच्या काडतुसाची रायफल घेतलेला मीसुद्धा यात आलो) पहिल्याच दिवशी या दोघांची खिचडी करून महागडी काडतुसं आणि स्वतःचा खांदा दोन्ही वाया घालवतात.

आधी साधं सांगतो. एकाच बिंदूवर धरून पाच गोळ्या झाडल्या, आता सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं, भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत, झाला तुमचा ग्रुप. तो कागदावर कुठे पडलाय याच्याशी ग्रुपला काही देणंघेणं नाही, वरच्या कोपऱ्यात पडला तरी तो तेवढाच चांगला किंवा तेवढाच वाईट. झीरो म्हणजे त्या ग्रुपचं केंद्र तुम्ही धरलेल्या बिंदूवर आणणं, आणि तेही एका ठरावीक अंतरासाठी. झीरो स्कोपची (रायफलीवरच्या दुर्बिणीची) टोपी उघडून दोन मिनिटांत बदलता येतो. ग्रुपसाठी असलं कुठलंच बटण नसतं, तो रायफल, काडतूस आणि झाडणारा माणूस या तिघांचा मिळून असतो.

आता हे सगळ्याच रायफलींना लागू आहे, मग मी मीडियम बोअरचंच, म्हणजे ९.३×६२ सारख्या मध्यम जाडीच्या नळीच्या रायफलींचंच, का धरून बसलोय? कारण धक्का. ९.३×६२ हे बर्लिनच्या ओटो बॉक नावाच्या बंदूककाराने १९०५ मध्ये काढलेलं काडतूस, माउझर ९८ रायफलीच्या साध्या लांबीच्या ॲक्शनमध्ये (काडतूस भरून झाडणाऱ्या भागात) बसावं असं बेतलेलं, आणि त्याची नेहमीची गोळी २८६ ग्रेन म्हणजे १८.५ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ७२० मीटर. सारख्याच वजनाच्या रायफलीतून झाडलं तर .३०-०६ या शिकारीच्या नेहमीच्या काडतुसाच्या साधारण दीडपट धक्का बसतो. पॉइंट टू टू (.२२ ची अगदी कमी धक्क्याची रायफल) घेऊन बसलात तर शंभर राउंड झाडून चुका पचवता येतात, इथे पंधरा-वीस राउंडनंतर अंग स्वतःहूनच दचकायला लागतं आणि त्यापुढे कागदावर जे दिसतं ते रायफलीचं नसतं, तुमच्या दचकण्याचं असतं. म्हणून प्रत्येक गोळी कशासाठी झाडतोय, ग्रुप बघायला की झीरो करायला, हे आधी ठरलेलं पाहिजे.

माझा पहिला दिवस असा गेला: पहिली गोळी सहा सेंटीमीटर उजवीकडे, लगेच टरेट (झीरो बदलायची स्कोपवरची चकती) फिरवला, दुसरी डावीकडे खाली, परत फिरवला, तिसरी वर, अरे हे काय, परत फिरवला, असं करत करत बारा गोळ्या संपल्या, कागदाची चाळणी झाली आणि मी "स्कोप खराब आहे" असं जाहीर करून टाकलं. स्कोप ठणठणीत होता. बिचाऱ्या रायफलीला मी एकदाही दोन गोळ्या एकाच सेटिंगवर झाडू दिल्या नव्हत्या.

यामागचं गणित एकदा समजून घेतलं की हात आपोआप टरेटपासून लांब राहतो. समजा तुमची रायफल १०० मीटरवर पाच गोळ्यांचा सरासरी ५ सेंमीचा ग्रुप देते, म्हणजे शिकारीच्या रायफलीसाठी अगदी ठीकठाक. गोळ्या सगळीकडे सारख्या विखुरतात असं धरलं तर एकटी गोळी खऱ्या केंद्रापासून आडवी किंवा उभी सहज दीडेक सेंमी सरकलेली असते, कधी तीन. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपचा एक क्लिक, टरेटचा एक टप्पा, म्हणजे १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर. म्हणजे एका गोळीकडे बघून तुम्ही दोन-चार क्लिक फिरवता तेव्हा तुम्ही फक्त नशिबाच्या मागे पळत असता. तीन गोळ्यांचं केंद्र काढलं तरी एका बाजूला सेंटीमीटरभर चूक असू शकते, पाचांचं काढलं की ती पाऊण सेंमीपर्यंत येते, म्हणजे एका क्लिकच्या आसपास, आणि शिकारीला तेवढं भरपूर झालं.

आणि त्याच गणिताची दुसरी बाजू: तीन गोळ्यांचा ग्रुप नेहमीच खोटं कौतुक करतो. तीच रायफल, तेच काडतूस, पण पाच गोळ्यांचा सरासरी ५ सेंमी येत असेल तर तीनचा सरासरी ४ च्या खालीच येईल आणि दहाचा ६ च्या वर जाईल. कुणी खिशातून तीन भोकांचा कागद काढून दाखवला तर छान म्हणावं आणि बाकीचे कागद कुठे आहेत ते विचारावं.

तर आधी ग्रुप. गोळ्या कागदावर कुठेही पडू देत, टरेटला हात लावायचा नाही. (पहिल्याच गोळीला कागद सापडावा म्हणून बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढून नळीतून बघून स्कोप जुळवून घ्यायचा आणि २५ मीटरवरून सुरुवात करायची, एवढी सूट.) त्याआधी नळीवरचा शिक्का आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का जुळतो का ते बघा, कारण ९.३ मध्ये ६२ आहे, ६४ आहे, ७४आर आहे, गोळीची जाडी सारखीच पण काडतुसं वेगळी, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. नळी मोकळी आणि कोरडी आहे हेही बघा. कानाला डबल संरक्षण. आणि स्कोप डोळ्यापासून पुरेसा लांब, नऊ सेंमी तरी, नाहीतर भुवईवर अर्धचंद्र उमटतो आणि तो बरेच दिवस लोकांना दिसतो.

बाकावर बसून झाडताना पुढचा दस्ता मऊ वाळूच्या पिशवीवर ठेवायचा, नळी कधीच टेकवायची नाही. लाकडावर किंवा दगडावर टेकवली तर इतक्या धक्क्याची रायफल उडते आणि गोळी भलतीकडेच, बहुतेक वेळा वर जाते. पॉइंट टू टू वाले पुढचा हात काढून मागच्या पिशवीवर ठेवतात, ते इथे मला पटत नाही, मी पुढचा दस्ता हातात धरतो आणि हात पिशवीवर ठेवतो, कारण जंगलातही मी तसाच धरणार आहे. गोळ्यांमध्ये नळी गार होऊ द्या, हात लावून बघा, चटका बसत असेल तर थांबा. घाई कसली आहे.

ग्रुप मोठा आला तर लगेच रायफलीला दोष देऊ नका. आधी स्वतःला तपासा: मित्राला सांगा की मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत मधेच एक-दोन डमी टाक, मला न दाखवता. डमीवर चाप ओढला आणि मझल (नळीचं तोंड) गपकन खाली गेलं तर उत्तर मिळालं, दचकताय तुम्ही. त्यावर औषध म्हणजे दिवसाला कमी गोळ्या, घरी रिकाम्या रायफलीचा सराव, आणि दुसऱ्या कुठल्यातरी हलक्या रायफलीवर हात बसवणं. मित्र नेमबाज असेल तर त्यालाही पाच झाडू द्या, त्याचा ग्रुप छान आला तर मन थोडं दुखेल पण रायफल दोषातून सुटली.

तुम्ही दोघंही नापास झालात तर मग वस्तूंकडे वळायचं. इथे भोकांचा आकार बरंच बोलतो. एकाच कागदावर दोन वेगवेगळे छान ग्रुप दिसले, पहिले दोन इथे आणि पुढचे तीन तिकडे, तर बहुतेक काहीतरी हललंय, स्कोपच्या रिंगा, माउंटचे स्क्रू किंवा स्कोपच्या आतलं काहीतरी. नळी तापत जाईल तशा गोळ्या एका रेषेत वर वर चढत असतील तर दस्त्याचं लाकूड नळीला कुठेतरी दाबतंय. नुसताच सगळीकडे विखुरला असेल तर ॲक्शनचे स्क्रू घट्ट आहेत का, मझलच्या कडेला खरचटलंय का, नळीत तांब्याचा थर किती बसलाय, आणि यातलं काही नसेल तर दुसरं काडतूस. सगळ्यात शेवटचं कारण बऱ्याचदा हेच निघतं, एका रायफलीला २८६ ग्रेन आवडते, दुसरीला २३२ ग्रेनची १५ ग्रॅमवाली, का आवडते हे रायफलच जाणे.

आता झीरो, आणि हा भाग खरं तर सोपा आहे. पाच भोकांचं केंद्र डोळ्यांनी काढायचं, ते धरलेल्या बिंदूपासून किती सेंमी लांब आहे ते मोजायचं, क्लिकने भागायचं, एकदाच फिरवायचं, परत पाच झाडायच्या. ०.१ मिलवाला (मिल हेही एमओएसारखं कोनाचं माप) स्कोप असेल तर हिशोब आणखी सोपा, १०० मीटरवर एक क्लिक म्हणजे सरळ १ सेंमी. टरेटवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतो, काही जर्मन स्कोपांवर एच आणि आर असं लिहिलेलं असतं, एच म्हणजे वर आणि आर म्हणजे उजवीकडे. लोखंडी साइट असेल तर मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची आणि पुढची बरोबर उलट, हे मी दर वेळी विसरतो. अजून एक नेहमीची चूक: २५ मीटरवर तोच एक क्लिक १०० मीटरच्या चौथाईइतकाच सरकवतो, त्यामुळे तिथे चौपट क्लिक लागतात, लोक चार क्लिक फिरवतात, काही हलत नाही, आणि मग पुन्हा "स्कोप खराब आहे".

झीरो म्हटलं की "किती अंतराचा?" हा प्रश्न आलाच, ग्रुपला हा प्रश्न तसा लागत नाही. ९.३×६२ ची २८६ ग्रेन गोळी १०० यार्डांवर बरोबर झीरो केली तर २०० यार्डांवर ती पाचेक इंच खाली जाते. म्हणून बरेच जण १०० ला दोन-अडीच इंच वर ठेवतात, मग २०० च्या अलीकडे फारसा विचार करावा लागत नाही. पण ज्यांची सगळी शिकार दाट झाडीत ५०-६० मीटरवर होते त्यांनी उगाच हा हिशोब करू नये, सरळ १०० ला केंद्रावर ठेवावं.

आणि या दोघांत जास्त महत्त्वाचं कोण? कागदावर मिरवायला ग्रुप, जनावरासमोर उभं राहिल्यावर झीरो. एक रायफल २ सेंमीचा ग्रुप देते पण केंद्र ८ सेंमी डावीकडे आहे, दुसरी ६ सेंमीचा देते पण केंद्र जिथल्या तिथे आहे. पहिलीची प्रत्येक गोळी ७ ते ९ सेंमी चुकते, अगदी इमानेइतबारे, आणि दुसरीची जवळजवळ प्रत्येक गोळी तीन-चार सेंमीच्या आत पडते. मी डोळे झाकून दुसरी घेऊन निघेन. अर्थात पहिली रायफल पाच मिनिटांत दुरुस्त होते आणि दुसरीचा ग्रुप आणखी घट्ट करायला महिना जाईल, ते वेगळं.

काडतूस बदललं तर दोन्ही पुन्हा बघायचं. वेगळ्या वजनाची गोळी नुसतीच वर किंवा खाली जात नाही, कधी कधी बाजूलाही सरकते, आणि त्याच कंपनीच्या नव्या लॉटवरही तीन-चार गोळ्या खर्च करून खात्री करावी. स्कोप काढून परत बसवला, रायफल हातातून आपटली, लांबचा प्रवास झाला, की झीरो तपासा. ग्रुप अशाने बिघडलाच पाहिजे असं नाही.

एक गोष्ट मात्र या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात, ती म्हणजे गार नळीची पहिली गोळी. शिकारीत तीच एक गोळी मोजायची असते आणि बाकावर आपण तीच "वॉर्मअप" म्हणून सोडून देतो! साफ करून तेल लावलेल्या नळीची पहिली गोळी तर बऱ्याचदा ग्रुपच्या बाहेरच जाते. मी आता एक कागद वेगळा ठेवलाय, दर वेळी रेंजवर गेलो की पहिली गोळी त्याच कागदावर, तारीख लिहून, आणि मग तो कागद गुंडाळून पिशवीत. सात गोळ्या झाल्यात त्यावर. सहा मुठीएवढ्या जागेत आहेत आणि सातवी चार बोटं वर, त्या दिवशी नळीतलं तेल पुसायचं राहिलं होतं.