अमेरिकेच्या सैन्यातल्या मुलाशी भारतात लग्न: परवानगी कोणाची, कागदपत्रं कोणती

स्थळ अमेरिकेचं आणि मुलगा तिथल्या आर्मीत, नेव्हीत किंवा एअर फोर्समध्ये. बोलणी पुढे गेली की मुलीकडच्यांना एक प्रश्न हमखास पडतो: याला लग्नासाठी सैन्याची परवानगी लागते का, आणि ती मिळवायला आपल्याला काही करावं लागतं का? मुलगी सैन्यात आणि मुलगा भारतातला असेल तरी नियम तेच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यापायी लोकांचे पैसे बुडतात. मुलीकडच्यांनी काहीही करायचं नसतं. अर्ज त्याचा, तो द्यायचा त्याच्या कमांडरकडे, आणि त्याला कसलीही फी नाही. रजा मंजूर करून घ्यायला पैसे लागत नाहीत, लग्नाच्या परवानगीला लागत नाहीत, बदली थांबवायलाही लागत नाहीत. वधूने भरायचा "लीव्ह फॉर्म" नावाचा प्रकार अस्तित्वात नाही. विवाह जुळवणाऱ्या साइटवर भेटलेला, व्हिडिओ कॉल टाळणारा "कॅप्टन" अमुक डॉलर भरले की सुट्टी मिळेल असं म्हणाला तर समोर सैनिक नाही, भामटा आहे असंच समजा. अमेरिकी आर्मीचा गुन्हे तपास विभाग याबद्दल वर्षानुवर्षं इशारे देतो आहे. ईमेलचा पत्ताही पाहा. सैन्याच्या अधिकृत पत्त्याच्या शेवटी डॉट मिल असतं. "कमांडर साहेबांचं" पत्र जीमेलवरून आलं असेल तर त्याला उत्तरही देऊ नका.

परवानगी कधी लागते

हे त्याच्या पोस्टिंगवर ठरतं. तो अमेरिकेतल्याच तळावर असेल आणि रजा घेऊन भारतात येऊन लग्न करणार असेल, तर बहुतेक वेळा लग्नाची वेगळी परवानगी नसते. पण परदेश प्रवासासाठी रजा मंजूर व्हावी लागते आणि आपल्या युनिटला कळवावं लागतं. त्याची नेमणूक जपान, दक्षिण कोरिया अशा परदेशी तळावर असेल तर मात्र गणित बदलतं. अशा भागांत तिथल्या लष्करी मुख्यालयाचे स्वतःचे नियम असतात, आणि परदेशी नागरिकाशी लग्न करण्याआधी रीतसर अर्ज करावा लागू शकतो. अर्जासोबत साधारणपणे कमांडरशी आणि पाद्री किंवा समुपदेशकाशी बोलणं, कायदा कार्यालयाचा सल्ला आणि काही ठिकाणी होणाऱ्या जोडीदाराची वैद्यकीय व पोलीस तपासणी असते. प्रत्येक सैन्यदलाचे आणि प्रत्येक तळाचे नियम वेगळे, म्हणून मित्राच्या अनुभवावर विसंबू नये. त्याने आपल्या तळावरच्या लीगल असिस्टन्स ऑफिसात जाऊन विचारावं. तिथला सल्ला मोफत असतो.

या परवानगीमागचा हेतू समजून घेतला तर भीती कमी होते. मुलगी चांगली की वाईट हे कमांडर ठरवत नाही. जोडीदाराला अमेरिकेत प्रवेश मिळेल का, सैनिकाचं आधीचं लग्न कायदेशीर संपलं आहे का, त्याला खर्च झेपेल का, हे लग्नाआधी स्पष्ट व्हावं एवढाच उद्देश असतो. कमांडरच्या अधिकाराला मर्यादाही आहेत. फिलिपाइन्समधल्या नौदल मुख्यालयाने लग्नाआधी सहा महिने थांबण्याची सक्ती केली होती, तेव्हा 1958 मध्ये अमेरिकेच्या लष्करी अपील न्यायालयाने ती अवाजवी ठरवली. पुढे 1961 मध्ये त्याच न्यायालयाने वाजवी स्वरूपाचे नियम मात्र मान्य केले. थोडक्यात, प्रक्रिया पूर्ण करायला लावता येते, मनमानी अडवणूक करता येत नाही.

परवानगी आवश्यक असताना ती न घेता लग्न केलं तर? ज्या देशात लग्न झालं तिथल्या कायद्याने ते वैध असेल तर केवळ परवानगी नव्हती म्हणून रद्द होत नाही. पण नियम मोडल्याबद्दल सैनिकावर लष्करी न्यायसंहितेच्या कलम 92 खाली कारवाई होऊ शकते. संसाराची सुरुवात तशी कशाला करायची?

सिक्युरिटी क्लिअरन्स

गोपनीय कामाची मंजुरी असलेल्या सैनिकाला परदेशी व्यक्तीशी असलेलं जवळचं नातं, लग्न आणि खासगी परदेश प्रवास कळवावाच लागतो. त्याच्या पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्ममध्ये सासू-सासऱ्यांचीही माहिती विचारतात: नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, नोकरी. शिवाय नात्यातलं कोणी परदेशी सरकारच्या, सैन्याच्या किंवा सुरक्षा दलाच्या सेवेत आहे का, असा प्रश्न असतो. म्हणजे मुलीचे वडील महाराष्ट्र पोलिसांत असतील किंवा भारतीय सैन्यातून निवृत्त झाले असतील, तर ते लिहावं लागतं. यात लाजण्यासारखं किंवा घाबरण्यासारखं काही नाही. वडील पोलिसांत असल्याने अडचण येत नाही, लपवल्याने येते. त्याने अशी माहिती विचारली तर ती मोकळेपणाने द्या, पण त्याच्याशी प्रत्यक्ष भेट झाल्यानंतरच.

त्याची कागदपत्रं

अमेरिकेचा पासपोर्ट, जन्माचा दाखला, आधी घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा अंतिम हुकूमनामा, पत्नीचं निधन झालं असेल तर मृत्यूचा दाखला, रजेचा मंजूर आदेश आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्राबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडची कार्यालयं "तुमच्या दूतावासाचं ना हरकत प्रमाणपत्र आणा" म्हणतात. अमेरिकेत संपूर्ण देशाची एकच विवाह नोंदवही नाही, त्यामुळे हा माणूस अविवाहित आहे असं तिथलं सरकार लिहून देत नाही. त्याऐवजी तो दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात शपथेवर प्रतिज्ञापत्र करतो आणि अधिकारी त्याच्या सहीची साक्ष घेतो. दुसरा मार्ग म्हणजे अमेरिकेतच नोटरी करून त्या राज्याच्या सरकारकडून अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणीकरण, घेणं. विवाह अधिकाऱ्याला यातलं कोणतं चालतं हे आधी जाऊन विचारा, शक्य असल्यास लेखी घ्या.

त्याचं लष्करी ओळखपत्र मात्र मागू नका. त्याचा फोटो किंवा झेरॉक्स काढण्यावर अमेरिकेत कायद्याने बंधनं आहेत, आणि खरा सैनिक ते व्हॉट्सॲपवर पाठवायला कचरतो. कार्डाचा फोटो आढेवेढे न घेता पाठवणाऱ्याबद्दलच संशय घ्यावा. ओळखीसाठी पासपोर्ट पुरेसा आहे.

आधीचं लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा स्वतः वाचा किंवा वकिलाला दाखवा. "प्रक्रिया चालू आहे" म्हणजे तो अजून विवाहित आहे.

त्याचा भारताचा व्हिसा

इथे मूळ भारतीय असलेली मुलंही चुकतात. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड) मिळत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. त्यामुळे पुण्यात जन्मलेला पण आता अमेरिकी नौदलात असलेला मुलगाही व्हिसा काढूनच येणार. व्हिसाच्या अर्जात सैन्य, निमलष्करी दल, पोलीस किंवा सुरक्षा संस्थेत काम केलं आहे का, असा थेट प्रश्न आहे. उत्तर खरं लिहायचं. छाननीला वेळ लागू शकतो, म्हणून हॉल ठरवण्याआधी व्हिसाचा अर्ज गेलेला बरा.

भारतात लग्न कोणत्या कायद्याने

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू विवाह कायदा, 1955 नुसार विधी करून लग्न लावता येतं आणि मग नोंदणी करता येते. विधी मात्र खरोखर व्हायला हवेत. नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. मुलीचा अमेरिकेचा व्हिसा लवकर लागावा म्हणून आधी कागदोपत्री लग्न आणि सवडीने विधी, असा बेत करणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. आधी नोंदणीच हवी असेल, तर त्यासाठी वेगळा कायदा आहे.

तो म्हणजे विशेष विवाह कायदा, 1954. धर्म वेगळे असतील तर सहसा हाच मार्ग, आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत अनेक जण तो सरळ म्हणून निवडतात. मुलगा 21 पूर्ण, मुलगी 18 पूर्ण, दोघांपैकी कोणाचंही आधीचं लग्न अजून कायम नसावं. लग्न करणार असल्याची नोटीस आधी विवाह अधिकाऱ्याला द्यावी लागते. ज्या जिल्ह्यात ती द्यायची तिथे दोघांपैकी किमान एक जण सलग 30 दिवस राहिलेला असावा. मुलीचा रहिवास इथे उपयोगी पडतो. नोटीस लागल्यावर 30 दिवस हरकतींसाठी थांबायचं. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता रजेचं गणित बघा. अमेरिकी सैनिकाला वर्षाला 30 दिवस रजा जमा होते. सगळी रजा नोटिशीच्या मुदतीत गेली तर लग्नाच्या दिवशी नवरदेव विमानात असेल. म्हणून नोटीस तो येण्याआधी लागेल असं बघावं. समजा नोटीस 5 ऑक्टोबरला दिली, तर साधारण 5 नोव्हेंबरनंतर 5 जानेवारीपर्यंत लग्न लावता येईल. या खिडकीत त्याची रजा बसवायची. नोटिशीवर दोघांच्या सह्या लागतात आणि काही कार्यालयं दोघांना समक्ष बोलावतात. त्याच्याकडे आधार नसल्याने ऑनलाइन अर्जातही अडचण येऊ शकते. मुलीच्या घरच्या कोणीतरी विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन हे सगळं आधीच विचारून यावं. एका फेरीत महिनाभराचा घोळ वाचतो.

तैनातीमुळे तो येऊच शकत नसेल तर आणखी दोन मार्ग आहेत. तो अमेरिकी नागरिक असेल तर के-1 हा वाग्दत्त वधूचा व्हिसा काढून मुलगी तिकडे जाते आणि 90 दिवसांत लग्न करावं लागतं. त्यासाठी अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात, सहसा यातून सूट नाही. दुसरा मार्ग मोंटाना राज्याचा. तिथे दोघांपैकी एक जण सैन्यात असेल तर दोघांच्याही गैरहजेरीत प्रतिनिधींमार्फत लग्न लागू शकतं. पण व्हिसासाठी असं लग्न तेव्हाच धरतात, जेव्हा लग्नानंतर नवरा-बायको प्रत्यक्ष एकत्र राहिलेले असतात. मला विचाराल तर हा मार्ग शेवटचा.

लग्नानंतर

विवाहाचा सरकारी दाखला घ्या, मंगल कार्यालयाचा किंवा मंदिराचा कागद चालत नाही. तो मराठीतच असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे लग्न होताच मधलं नाव आणि आडनाव बदलायची घाई असते. इथे ती करू नका. व्हिसाची फाइल पूर्ण होईपर्यंत मुलीचं माहेरचं नाव सगळीकडे एकसारखं राहू द्या.

मग दोन कामं समांतर चालतात. सैन्याच्या डीअर्स या नोंदवहीत पत्नीचं नाव लावणं हे त्याचं काम. त्यासाठी विवाहाचा दाखला, तिचा जन्मदाखला आणि पासपोर्ट लागतो. ते झालं की ट्रायकेअर ही आरोग्य सुविधा आणि कुटुंबाचं ओळखपत्र मिळण्याचा रस्ता मोकळा होतो. दुसरं काम आय-130 अर्जाचं, म्हणजे पत्नीला अमेरिकेत कायमचं नेण्यासाठी त्याने तिथल्या सरकारकडे करायच्या अर्जाचं. तो अमेरिकी नागरिक असेल तर पत्नीसाठी व्हिसाच्या वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नुसता ग्रीन कार्डधारक असेल तर रांग असते. पण सैन्यातल्या सेवेमुळे त्याला नागरिकत्वाचा अर्ज लवकर करता येतो आणि त्याची फीही माफ असते, तेव्हा तो अर्ज केला आहे का हे स्थळ बघतानाच विचारा. उत्पन्नाच्या अटीतही सवलत आहे: इतरांना अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, सक्रिय सेवेतल्या सैनिकाला पत्नीसाठी 100 टक्के पुरतं.

अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत अटी काढण्याचा अर्ज करायचा असतो. लग्नाचे फोटो, एकत्र खातं, घराचा करार हे सगळं तोपर्यंत जपून ठेवा. त्याची नेमणूक परदेशात असेल आणि पत्नी आदेशानुसार सोबत जाणार असेल, तर तिला नागरिकत्वासाठी ठरावीक वर्षं अमेरिकेत राहण्याची अट शिथिल होते. मात्र ते नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपतं, हे घरात आधी बोलून घ्या.

आणि लग्नानंतर त्याने पाठ फिरवली तर? सैनिकाने कुटुंबाला आर्थिक आधार द्यावा असे लष्करी नियम आहेत, आणि तक्रार त्याच्या कमांडरकडे करता येते. म्हणून त्याच्या युनिटचं पूर्ण नाव, तळ आणि हुद्दा लग्नाआधीच लिहून ठेवा. भारतात राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष अशा तक्रारी घेतो.